धाराशिवच्या गावांनी सिद्ध केलेली तपासणी गावागावांत पोहोचावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या शाळेत पालकांची सभा झाली. मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस द्यावी की नाही, हा विषय होता. त्याच शाळेत मी अनेक वर्षे शिकवले असल्यामुळे मलाही बोलावणे होते. एका आईने उभे राहून विचारले, "बाई, ही लस टोचली तर पोरीला पुढं लेकरू होत नाही म्हणत्यात, खरं हाय का?" तिचा प्रश्न मनापासूनचा होता आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे होते. ते देण्याआधीच मागच्या बाजूने एक गृहस्थ म्हणाले, की असला आजार चांगल्या घरच्या बाईला होतच नाही. तेव्हा मी उठले आणि सांगितले, की हा आजार मला झाला होता, सात वर्षांपूर्वी माझ्यावर उपचार झाले आणि आज मी तुमच्यासमोर उभी आहे. त्यानंतर सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. सभा संपल्यावर मात्र पाच-सहा जणी मला गाठून हलक्या आवाजात आपापल्या तक्रारी सांगू लागल्या. त्या जे विचारत होत्या, ते त्यांना याआधी कोणीच सांगितले नव्हते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती माझ्या एकटीची नाही. पाळी जाऊन अडीच वर्षे झाल्यावर मला पुन्हा थोडे थोडे अंगावरून लाल जाऊ लागले. त्याआधी काही महिने पांढरे जात होते आणि त्याला वास येत होता. तालुक्याच्या गावी ज्या डॉक्टरांकडे आम्ही नेहमी जात असू, त्यांनी अंगात उष्णता वाढली आहे असे सांगून गोळ्या दिल्या. आठ महिने त्या गोळ्या बदलत राहिल्या, परंतु आतून तपासणी एकदाही झाली नाही. खरे सांगायचे तर तपासणी करा असे मीही म्हटले नाही, कारण त्या जागेविषयी बोलायचेच नसते, अशा समजुतीत माझे सगळे आयुष्य गेले होते. पुढे कंबर सतत दुखू लागली तेव्हा सोलापूरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. त्यांनी पाच मिनिटांत आतून पाहिले, जखमेचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढला आणि आठवड्याने निदान हातात आले. आजार दुसऱ्या टप्प्याच्या पुढच्या भागात, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाहेर शेजारच्या ऊतींपर्यंत पोहोचला होता. आठ महिन्यांपूर्वी तो कदाचित तिथवर आला नसता. पाळी गेल्यानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे आणि संबंधानंतर रक्त जाणे यांपैकी एकही गोष्ट "उष्णता" म्हणून सोडून देण्यासारखी नसते, हे मला तेव्हा कळले.

गर्भपिशवीचे खालचे, योनीत उघडणारे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. या जागेच्या जवळजवळ सर्व कर्करोगांच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत, पण १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकारच सुमारे सत्तर टक्के रोगाला कारणीभूत ठरतात. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी त्याची लागण होतेच. त्यातल्या बहुसंख्य लागणी वर्षा-दोन वर्षांत शरीर स्वतःच निपटून काढते. थोड्या स्त्रियांमध्ये तो टिकून राहतो, पेशींत बदल घडवतो आणि प्रतिकारशक्ती चांगली असेल तर त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ पाच ते दहा वर्षांवर येतो आणि त्यांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. फार लहान वयात लग्न आणि बाळंतपण, बरीच बाळंतपणे, धूम्रपान, गर्भनिरोधक गोळ्यांचा अनेक वर्षे सलग वापर आणि स्वतःचे किंवा जोडीदाराचे अनेकांशी संबंध यांमुळेही धोका वाढतो. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींची लग्ने सोळाव्या-सतराव्या वर्षी झाली आणि विशीत पदरी तीन मुले होती. जोखमीच्या यादीतल्या या गोष्टी त्यांनी निवडलेल्या नव्हत्या.

सभेतल्या त्या गृहस्थांना मी हेच सांगू इच्छिते. ज्या बाईने आयुष्यात एकाच पुरुषाशी संसार केला, तिलाही हा आजार होऊ शकतो आणि त्यावरून तिच्याबद्दल किंवा तिच्या नवऱ्याबद्दल काहीही निष्कर्ष काढता येत नाही. लागण वीस वर्षांपूर्वीची असू शकते आणि ती कोणाकडून आली हे सांगणारी कोणतीही चाचणी नाही. संपादक महोदय, माझे नाव व पत्ता मी आपल्याला कळवला आहे, पण तो छापू नये अशी विनंती करते. मला स्वतःला संकोच नाही. माझे पती माझ्या आजारपणात सात आठवडे रुग्णालयाच्या ओसरीत झोपले आणि हा मजकूर अर्धवट वाचून कोणी त्यांच्याकडे बोट दाखवावे, हे मला सहन होणार नाही.

पंधरा-वीस वर्षांचा जो काळ मी वर सांगितला, त्यातच या आजाराची सगळी आशा आहे. एवढा दीर्घ काळ आधी पकडता येणारे कर्करोग फार थोडे आहेत. आणि तो पकडायचा कसा, याचे उत्तर ज्या ठिकाणी मिळाले, ते माझ्या गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे, हे मला उपचार घेताना समजले. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना चार गटांत विभागले गेले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या आणि एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. आयुष्यात एकदाच झालेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तपासणीचे धोरण ठरवताना जगभरच्या तज्ज्ञांनी त्यांचा आधार घेतला. तपासणी न देता एका गटावर केवळ लक्ष ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मला त्या चौसष्ट जणींची आठवण वारंवार येते. भूम, परंडा, कळंब, तुळजापूर अशा तालुक्यांच्या या जिल्ह्यातल्या त्या शेतात राबणाऱ्या बायका. त्यांच्यामुळे जे ज्ञान जगाला मिळाले, ते तासाभरावरच्या गावात राहणाऱ्या, शिकलेल्या, रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या शिक्षिकेपर्यंत आले नाही.

त्याच काळात मुंबईच्या वस्त्यांमध्येही टाटा रुग्णालयाने असाच मोठा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून आम्लाची पाहणी करवली गेली, तीही दर दोन वर्षांनी. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या पाहणीतून मृत्यूंत ठळक घट दिसली नव्हती, मुंबईत तीच पाहणी पुन्हा पुन्हा केल्यावर दिसली. यावरून मला असे समजते, की स्वस्त पद्धत वापरायची असेल तर ती चिकाटीने परत परत करावी लागते, आणि एकदाच गाठ पडणार असेल तर एचपीव्हीची चाचणी अधिक भरवशाची.

आम्लाच्या पाहणीची भीती वाटणाऱ्या भगिनींसाठी सांगते. त्यात कापाकापी नाही आणि भूल नाही. योनीमार्ग अलगद उघडा ठेवणारे एक साधन घालून गर्भाशयमुखाला कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसेटिक आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. थोडी चुरचुर होते, एवढेच. निकाल त्याच वेळी मिळतो, आणि डाग सौम्य स्वरूपाचा असला तर गोठवून किंवा उष्णतेने तो भाग नष्ट करण्याचा उपचार बाह्यरुग्ण विभागातच होऊ शकतो. गर्भपिशवी काढावी लागत नाही, पुढे मूल होण्यातही सहसा अडचण येत नाही. डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला, असा अर्थ मुळीच नाही. मात्र पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये बदल होणारा भाग आत सरकलेला असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ही पाहणी तितकीशी उपयोगाची नाही आणि एचपीव्ही चाचणीच बरी. त्या चाचणीसाठी लागणारा नमुना बाईला आडोशाला जाऊन स्वतःचा स्वतः घेता येतो, आणि संकोचामुळे मागे राहणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

आपल्या देशात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्लाची पाहणी व्हावी, अशा मार्गदर्शक सूचना २०१६ पासून आहेत. प्रत्यक्षात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतल्याचे सांगितले, त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी भरले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख २७ हजारांहून अधिक स्त्रियांना हा आजार नव्याने होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्याने मरण पावतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की मला झोप लागत नाही.

आणि याच महाराष्ट्रात दुसरीही एक गोष्ट घडत आली आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतल्या कित्येकींनी सांगितले, की पांढरे जाण्याची किंवा पोट दुखण्याची तक्रार घेऊन गेल्यावर "पिशवीला कॅन्सर होईल" अशी भीती त्यांना घातली गेली होती. ज्या भागात दहा मिनिटांची तपासणी मिळत नाही, त्या भागात पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया मात्र मिळते. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका बाईची पिशवी तिशीतच काढली गेली. कोणतीही तपासणी झाली नव्हती. तिची हाडे आता पन्नाशीत कुरकुरतात. भगिनींना माझे कळकळीचे सांगणे आहे, की पांढरे जाण्याची बहुतेक कारणे साधी असतात आणि औषधांनी बरी होतात. तपासणी केल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय पिशवी काढायला तयार होऊ नये. याला एक वैद्यकीय बाजूही आहे. आत खरोखरच कर्करोग असेल आणि तो न ओळखता साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. लशीमुळे वंध्यत्व येते याला कोणताही पुरावा नाही. लशीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणासारखी प्रथिनांची रिकामी कवचे असतात, त्यांच्या आत विषाणूचा गाभा नसतो, त्यामुळे लशीतून लागण होऊ शकत नाही. दंड दुखतो, थोडा ताप येतो, एखाद्या मुलीला सुई पाहूनच भोवळ येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. खरे तर मूल होण्याची क्षमता या आजारामुळे आणि त्याच्या उपचारांमुळे जाते, लस ती वाचवते. विषाणूशी गाठ पडण्याआधी लस द्यायची असल्यामुळे ९ ते १४ हे वय सर्वांत योग्य मानले जाते. आधीच झालेली लागण ती बरी करत नाही. लहान मुलीला ही लस कशाला, असे विचारणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात घ्यावे, की गोवराची लसही गोवर येण्याआधीच देतात. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्येच शाळांमधून ही लस दिली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

लोकांच्या मनातल्या शंकेला एक इतिहास आहे, हेही मान्य केले पाहिजे. २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये चाललेल्या लसीकरण प्रकल्पाच्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले आणि प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, परंतु आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींची संमती ज्या पद्धतीने घेतली गेली, त्यावर संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. त्याच वेळी सरकारने या लशीचे इतर अभ्यासही थांबवायला सांगितल्यामुळे देशात चाललेला दुसरा एक अभ्यासही मध्येच थांबला. बार्शी आणि पुणे ही त्याचीही केंद्रे होती. अनेक मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली होती. पुढे दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसले, की एका मात्रेनेही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून जवळजवळ तितकेच संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या या मुलींचाही वाटा आहे. पालकांना विश्वासात घेऊन, त्यांच्या भाषेत सगळे सांगून, त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊनच लस द्यावी. आमच्या सभेत छापील पत्रकावर सह्या घेण्याची घाई चालली होती, ती मला आवडली नाही.

उपचारांविषयी लिहिताना मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण निदान झाल्यावर घरोघरी पहिला प्रश्न असतो तो "ऑपरेशन केव्हा?" हा. आजार गर्भाशयमुखापुरता आणि लहान असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार असतो, आणि अगदी सुरुवातीचा असेल तर शंकूच्या आकाराचा छोटा भाग काढूनही भागते. माझ्यासारखा तो बाहेर सरकला असेल, तर मात्र किरणोपचार म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात तो आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या औषधाची किमो, हा उपचार केला जातो. माझ्या थोरल्या दिरांना हे पटेना. गाठ आत ठेवून नुसते शेक देऊन काय होणार, असे त्यांचे म्हणणे. टाटा रुग्णालयात ६०० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची माहिती तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला दिली. आधी किमो आणि मग शस्त्रक्रिया झालेल्या गटापेक्षा शेक आणि किमो एकत्र मिळालेल्या गटात पाच वर्षांनी आजारमुक्त असलेल्या स्त्रिया अधिक होत्या, सुमारे ७७ विरुद्ध ६९ टक्के. तिसऱ्या टप्प्याच्या पुढच्या भागात असलेल्या स्त्रियांवर त्याच रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात शेकासोबत किमो मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी पाच वर्षांनी हयात होत्या. तिसरा टप्पा ऐकून ज्या घरांत बाईला परत नेले जाते, त्या घरांनी हे जरूर वाचावे.

मला सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे बाहेरून शेक मिळाले, एकूण पंचवीस. दरवेळी लघवी साठवून, मूत्राशय भरून झोपावे लागते, म्हणजे आतडी वर सरकतात आणि त्यांना इजा कमी होते. त्यानंतर आतला शेक, ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. भूल देऊन गर्भपिशवीत बारीक नळ्या ठेवतात, त्यांतून किरणोत्सारी स्रोत थोडा वेळ आत जाऊन परत येतो. हा भाग टाळून चालत नाही, कारण गाठीच्या मुळाशी खरा मारा तोच करतो. बाहेरचे शेक संपले, रक्त जायचे थांबले, आता बरे वाटते असे म्हणून गावी निघून जाणाऱ्या बाया मी पाहिल्या. उपचाराचे सगळे मिळून आठ आठवडे ओलांडू नयेत, असे डॉक्टर वारंवार सांगत, कारण खंड पडला की गाठीला सावरायला वेळ मिळतो. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई सोयाबीनच्या काढणीला गेली ती तीन आठवड्यांनी परतली. तिचे पुढे काय झाले हे लिहिण्याचे बळ माझ्यात नाही. तिच्या घरी काढणीला दुसरे माणूस नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

माझे हिमोग्लोबिन कमी होते म्हणून आधी रक्त चढवावे लागले. जुलाब, मळमळ, लघवीला आग, कमालीचा थकवा हे सगळे झाले आणि त्यावर औषधेही मिळाली. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून झाला. शिधापत्रिका आणि आधार पत्रातली नावे जुळत नव्हती म्हणून चार दिवस वाया गेले, तेव्हा ही कागदपत्रे घरोघरी आधीच तपासून ठेवावीत. प्रवासात कर्करुग्णांना एसटी आणि रेल्वेत सवलत मिळते, त्याचेही दाखले रुग्णालयातूनच मिळतात.

उपचार संपले म्हणजे बाई बरी झाली असे घरचे समजतात. मला बरे व्हायला दीड वर्ष लागले. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी तपासणीला जात होते आणि प्रत्येक वेळी आठवडाभर आधीपासून जेवण जात नसे. वर्षभराने शौचावाटे रक्त पडले तेव्हा आजार उलटला असेच वाटले, पण तो शेकाचा उशिरा होणारा परिणाम निघाला आणि औषधांनी आटोक्यात आला. तरुण स्त्रियांची पाळी या उपचाराने कायमची जाते, अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात. पायाला सूज येऊ शकते. आणि जी गोष्ट कोणीच सांगत नाही ती अशी, की शेकामुळे योनीमार्ग आकसतो आणि चिकटतो. तो तसा होऊ नये म्हणून उपचारानंतर काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने साधन वापरून तो नियमित रुंद ठेवावा लागतो. त्यामुळे पुढच्या तपासण्याही सोप्या जातात आणि पतिपत्नीचे नातेही पूर्ववत होऊ शकते. संबंधातून हा कर्करोग नवऱ्याला होत नाही. मला हे एका तरुण परिचारिकेने दार लावून, शेजारी बसून समजावले. तिने ते सांगितले नसते तर मी आणि माझे पती दोघेही एकमेकांना दुखवू नये म्हणून आयुष्यभर गप्प राहिलो असतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक उपकेंद्रावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ही तपासणी कोणत्या वारी, कोठे आणि कोण करते हे ठळक लिहिलेले असावे. तपासणी करणारी व्यक्ती स्त्री असावी आणि खोलीला आतून कडी लागणारे दार असावे. आमच्या जवळच्या केंद्रात पडदा होता, तोही अर्धा. डाग आढळलेल्या बाईला नुसती चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवू नये, तिच्यासोबत आशाताईंनी जावे आणि त्या दिवसाचे मानधन त्यांना मिळावे, कारण चिठ्ठी घेतलेल्या कितीतरी जणी पुढे पोहोचतच नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांची तपासणी दसऱ्याच्या आधी, त्या गावात असतानाच व्हावी. शेक घेणाऱ्या रुग्णांच्या राहण्याची आणि सोबत येणाऱ्याच्या जेवणाची सोय उपचाराचाच भाग मानली जावी. आणि जमेल तिथे एचपीव्हीची चाचणी सुरू करावी, निदान धाराशिव जिल्ह्यात तरी. त्या जिल्ह्याचे तेवढे देणे आपल्यावर आहे.

सभेनंतर माझ्याशी बोललेल्या त्या जणींपैकी चौघी आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी सात अशा अकरा जणी येत्या गुरुवारी माझ्यासोबत ग्रामीण रुग्णालयात तपासणीला येणार आहेत. त्यांतल्या तिघींनी घरी "बाईंबरोबर देवदर्शनाला" असे सांगितले आहे. लस आणि लेकराचा प्रश्न विचारणारी ती आईही येणार आहे. तिने मात्र घरी खरे सांगितले आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
(सोलापूर जिल्हा)